घागर कुणी भरायची?

नाशिक, वर्षावासातला (पावसाळ्याच्या तीन महिन्यांतला) दुसरा रविवार

प्रिय बाळा,

सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू म्हणालास, "मावशी, रविवारी पाचच जण होते. त्यात एक मी नि एक आमची आई." मग जरा थांबून विचारलंस, विहारातलं दर आठवड्याचं ध्यान बंद करून महिन्यातून एकदाच ठेवूया का? मी तेव्हा काहीच बोलले नाही. एकतर कुकर लावलेला होता, आणि असल्या प्रश्नाला शिट्ट्या मोजता मोजता उत्तर देऊ नये. आता जेवणं आटोपलीत, घर झोपलंय, तेव्हा सावकाश लिहिते.

आधी पाच जणांचं. मी जन्मभर बँकेत रोख मोजली, त्यामुळे आकड्यांचं मला कौतुक नाही आणि भीतीही नाही. 1994 च्या पावसाळ्यात हा ध्यानाचा गट सुरू झाला तेव्हा आम्ही तिघं होतो: मी, प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांचा पुतण्या. चार महिने तिघंच. त्यातला पुतण्या पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचा. मला राग यायचा. काका म्हणायचे, "असू दे, आठवडाभर रात्रपाळी करून आलाय. झोपायला का होईना, विहारात आला ना?" त्याच पुतण्यानं पुढे बावीस वर्षं सतरंज्या झटकल्या, घातल्या, उचलल्या. म्हणून पाच हा आकडा मला लहान वाटत नाही. मला काळजी वाटली ती तुझ्या नंतरच्या वाक्याची. सहज बोलून गेलास, "मी गेलो नाही तर दारच उघडत नाही."

हे वाक्य मीही एकेकाळी म्हणायचे, आणि म्हणताना मला बरं वाटायचं.

2003 साली माझी आई मनमाडला आजारी पडली. मी पाच रविवार तिच्याजवळ होते. परत आले तेव्हा कळलं, पाचही रविवार विहाराच्या मागच्या खोलीला कुलूप. लोक आले, पायरीवर थोडा वेळ उभे राहिले, गेले. किल्ली माझ्या पर्समध्ये, मनमाडला. सगळे म्हणाले, "तुमच्याशिवाय काही खरं नाही बघा." आणि खरं सांगते, ऐकून छातीत गोड वाटलं. त्या रात्री वंदना म्हणताना तेच वाक्य पुन्हा आठवलं आणि मग मात्र लाज वाटली. नऊ वर्षं मी गट चालवत होते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी गटाला माझ्या पर्समध्ये ठेवलं होतं.

मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्खूंची हकीकत आहे. तिघं एका वनात राहतात. भगवान बुद्ध त्यांना भेटायला जातात आणि विचारतात, दूध आणि पाणी मिसळावं तसे एकोप्यानं राहता ना? आणि सावध राहता, झटून साधना करता, ती कशी? पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, आता ध्यानाच्या मोठमोठ्या अवस्थांचं वर्णन येणार. ते येतं, पण मागाहून. त्याआधी अनुरुद्ध येतात घरकामावर. भिक्षेहून जो आधी परततो तो आसनं मांडतो, पिण्याचं नि पाय धुवायचं पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो हवं असेल तर उरलेलं खातो, आसनं उचलतो, जागा झाडतो. पिण्याची, वापरायची किंवा शौचाची घागर रिकामी दिसली की ज्याला दिसली तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेनं दुसऱ्याला बोलावतो, दोघं मिळून उचलतात, तेवढ्यासाठी मौन मोडत नाहीत. आणि दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चा.

शौचाची घागर मुद्दाम सांगते, कारण तिची दुसरी गोष्ट आहे. कौशांबीच्या भिक्खूंमध्ये मोठी फूट पडली, एवढी की खुद्द भगवंतांनी समजावूनही ते ऐकेनात, आणि भगवान त्यांना सोडून एकटेच निघून गेले. भांडण कशावरून? अट्ठकथेत, म्हणजे मूळ ग्रंथावरच्या जुन्या टीकेत, येतं की एक धम्मकथिक (धम्म सांगणारे भिक्खू) शौचाला गेले आणि भांड्यात पाणी शिल्लक ठेवून बाहेर आले. विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, जाणणाऱ्या दुसऱ्या भिक्खूंनी विचारलं, पाणी तुम्ही ठेवलंत का? हा दोष आहे. ते म्हणाले, ठाऊक नव्हतं, दोष असेल तर मान्य करतो. यावर हे म्हणाले, मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही. तिथं मिटलं असतं. पण नंतर हेच विनय जाणणारे आपल्या शिष्यांजवळ बोलले, की त्या धम्मकथिकांना स्वतःचा दोषसुद्धा कळत नाही. शिष्यांनी ते तिकडच्या शिष्यांना सांगितलं, आणि झालं. कौशांबी सोडल्यावर भगवान वाटेत ज्यांच्याकडे गेले ते हेच अनुरुद्ध आणि त्यांचे दोन सोबती. म्हणजे एकीकडे संडासातल्या पाण्यावरून संघ फुटला आणि दुसरीकडे तीच घागर न सांगता कुणीतरी भरत होतं. मला तरी गट टिकवण्याबद्दल याहून जास्त काही शिकायचं उरलं नाही.

आता आपल्याकडची अडचण. अनुरुद्धांच्या वनात पाळी लावलेली नव्हती, ज्याला दिसेल तो करी. आपल्या विहारात रिकामी घागर फक्त बायकांनाच दिसते! पुरुषमंडळी डोळे मिटून इतकी स्थिर बसतात की पाण्याचा जार संपलेला त्यांना डोळे उघडल्यावरही दिसत नाही. म्हणून आम्ही काही वर्षं चक्क पाळी लावली, फळ्यावर खडूनं. चहा पुरुषांनी करायचा. पहिला चहा इतका वाईट झाला की कुणीतरी म्हणालं, आज खऱ्या अर्थानं समतेचा अभ्यास झाला. पण तीन महिन्यांत जमायला लागलं, आणि त्याहून मोठं म्हणजे चर्चेच्या वेळी बायका खोलीत बसायला लागल्या. तोवर निम्मी चर्चा त्यांना ओट्यापाशी ऐकू येत होती.

तर या महिन्यात तू एवढंच कर. किल्ली एकाला दे. घड्याळ नि घंटा दुसऱ्याला. सतरंज्या नि खुर्च्या तिसऱ्याला. चहा तू स्वतः घे. आणि दिलेलं काम परत घेऊ नकोस. ज्याच्याकडे घंटा आहे तो विसरेल, तुम्ही एक तासाऐवजी सव्वा तास बसाल, कुणाचे पाय मुंग्यांनी भरतील. बसा. पुढच्या वेळी त्याला आठवण राहील. तू मध्ये पडून हळूच घंटा वाजवलीस की ते काम पुन्हा तुझं झालं.

मात्र एक सांभाळ. कामं वाटली की लगेच वही निघते. कोण करतो, कोण करत नाही. एका आजारी भिक्खूची हकीकत विनयात आहे. त्याला हगवण लागली होती, स्वतःच्या घाणीत पडून होता, कुणी बघत नव्हतं. भगवंतांनी विचारलं, तुझी शुश्रूषा का नाही करत कुणी? तो म्हणाला, मी कुणाच्या कामाला येत नाही, म्हणून. मग भगवंतांनी पाणी आणवलं, स्वतः ओतलं, आनंदांनी धुतलं, दोघांनी उचलून मंचकावर निजवलं. आपल्या गटातही असा एखादा असतो जो घागर भरू शकत नाही. संधिवाताची आजी, नोकरी गेलेला, घरात दारुड्या असलेली बाई. त्यांच्याकडून काम करवून घ्यायचा हिशोब नको. कुणी लागोपाठ तीन रविवार दिसलं नाही तर फोन कर. "का आला नाहीत?" असं विचारू नकोस, ते शाळेतल्या मास्तरासारखं वाटतं. "बरे आहात ना?" एवढं पुरे.

आता नव्या माणसाचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे आपण सगळ्यात जास्त चुकलोय.

विहाराच्या पायरीवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात धम्माचा प्रश्न नसतो. चप्पल कुठे काढू, वंदना पाठ नाही तर चालेल का, पुढे बसायचं की मागे, वाकून नमस्कार केलाच पाहिजे का, गुडघे दुखतात तर मांडी कशी घालू, हे त्याचे प्रश्न. आपण लहानपणापासून "नमो तस्स" ऐकत वाढलो, म्हणून आपल्याला कळत नाही की पाली वंदना सुरू झाली की नवा माणूस किती एकटा पडतो. तो नुसते ओठ हलवतो. पाच-सहा छापील कागद ठेव, मराठी अर्थासकट. आणि मोठ्यानं सांग, येत नसेल तर शांत बसा, काही बिघडत नाही. भिंतीला चार प्लास्टिकच्या खुर्च्या कायम लावलेल्या असू देत. कुणी मागितल्यावर आणायच्या नाहीत, कारण आपल्याकडची माणसं मागत नाहीत, ती पुढच्या वेळी येत नाहीत.

उशिरा येणाऱ्याचं तोंड वाकडं करून स्वागत होऊ देऊ नकोस. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याला उपदेश करण्यासाठी भगवान लांबून चालत आलेले. नेमका त्याच सकाळी याचा बैल हरवला. शोधून, कळपात सोडून, उन्हातान्हात, उपाशीपोटी तो येऊन पोचला तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. भगवान तोवर गप्प बसून होते. तो आला तर आधी विचारलं, अन्न उरलंय का? याला वाढा. त्याचं पोट शांत झाल्यावर मग धम्म सांगितला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, की भगवान कधी कुणाला जेवायला वाढा म्हणत नाहीत! त्यांना उत्तर मिळालं, भुकेसारखा रोग नाही. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून पाळी संपवून येणारी मुलं आहेत. त्यांच्या डोळ्यांवर झोप असते आणि पोटात सकाळचा चहा. त्यांच्यासाठी बिस्किटाचा पुडा आधी, आनापान (श्वासाचं ध्यान) नंतर. हे नियमात बसत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना आळवीची गोष्ट सांग.

आणि आडनाव. बाळा, हे मी कळवळून लिहिते. नव्या माणसाला आडनाव विचारू नये. कुणालाही विचारू देऊ नये. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका तीन रविवार आल्या. शांत बसायच्या, जाताना सतरंजीची घडी घालू लागायच्या. तिसऱ्या रविवारी आपल्यातल्याच एका आजोबांनी प्रेमानं विचारलं, पूर्ण नाव काय तुमचं? त्यांनी सांगितलं. आजोबा खूश होऊन म्हणाले, "अरे वा! तुमच्यातले लोकही यायला लागले!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट त्यांना अभिमानच वाटला होता. बाई हसल्या. चौथ्या रविवारी आल्या नाहीत, नंतरही नाहीत. हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर टोचलाय. भाड्याचं घर बघताना, बदलीच्या शाखेत पहिल्या दिवशी डबा उघडताना, मी तो किती वेळा ऐकलाय. आणि तोच आपण आपल्या दारात, चहाच्या कपासोबत, पुढे करतो.

पण याच्या उलट बाजूनंही एक सूचना आली होती. एका सुशिक्षित गृहस्थांनी सुचवलं की बाहेरची माणसं बिचकतात, तर ध्यानाच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो नको, "जयभीम" ही नको, फक्त बुद्ध ठेवू. मी स्पष्ट नाही म्हणाले. पाहुणा आला म्हणून घरातल्या कर्त्या माणसाला आतल्या खोलीत बसवत नाहीत. ही खोली आहे ती 1956 च्या 14 ऑक्टोबरमुळे आहे. ज्याला यायचंय त्यानं हे बघत यावं, त्याला "जयभीम" म्हणायची सक्ती नाही. तो "नमस्कार" म्हणाला तर आपण हात जोडावेत. पाहुणचार आणि लपवाछपवी यांत फरक आहे.

आणि हातात लाल धागा बांधून एखादा मुलगा आला, किंवा एखाद्या बाईच्या घरी गणपती बसतो असं कळलं, तर पहिल्याच दिवशी बावीस प्रतिज्ञांची उजळणी नको. प्रतिज्ञा आपण घेतल्यात, आपण पाळायच्या. त्यानं अजून घेतलेल्या नाहीत. तो विचारेल त्या दिवशी नीट समजावून सांग, काहीही न लपवता.

आता पद्धतींचं भांडण. आपल्या खोलीत इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून आलेले आहेत, त्यांना शरीरातल्या संवेदना बघायच्या असतात. भाजे गावच्या शिबिराहून आलेले आहेत, त्यांना मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांविषयी मैत्रीचं ध्यान, हवं. काही नुसत्या वंदनेला येतात. आणि दाराशी एक-दोन ज्येष्ठ असतातच, जे म्हणतात, डोळे मिटून काय होणार, चळवळ करा. पहिल्या तिघांना मी एवढंच सांगत आले: इथे तासभर मौन सामायिक, आत काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. कुणी कुणाची पद्धत दुरुस्त करायची नाही. नव्या माणसाला आनापान तेवढं दाखवावं, नाकाशी येणारा-जाणारा श्वास, बस्स. पुढचं शिकायचं असेल तर त्या त्या शिबिराला पाठवावं, आपण गुरू होऊ नये. तुला वाचन आहे, बोलणं गोड आहे, म्हणून खास तुला सांगते.

चौथ्या ज्येष्ठांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. 1950 साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्धधम्माच्या भवितव्यावर लिहिलं तेव्हा भिक्खूंवर कडक टीका केली होती, की बहुसंख्य भिक्खू ध्यानात नाहीतर आळसात वेळ घालवतात, त्यांच्यात विद्याही नाही नि सेवाही नाही. ते ज्येष्ठ हीच गोष्ट सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांना वर्षावासात बाबासाहेबांच्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" च्या वाचनाला बसवते आणि वस्तीतल्या मुलांच्या दहावीच्या अभ्यासिकेची जबाबदारी देते. ध्यानाला बसणाऱ्यांनीही आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे शिकवावं असा आपला रिवाज होता. तो मोडलाय असं ऐकते. बघ.

पैशाचं थोडक्यात, कारण पैसा थोडकाच असतो. मात्र एक गंमत सांगते. त्रिरश्मी (पांडव) लेण्यांवर पुढच्या वेळी गेलास की दहाव्या लेण्यापुढे थांब, भिंतीवर लेख कोरलाय. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं ते लेणं दिलं आणि सोबत 3000 कार्षापणांची (त्या वेळच्या नाण्यांची) कायम ठेव ठेवली. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीत, म्हणजे संघटनेत, 2000, शेकडा दरमहा एक व्याजानं, आणि दुसऱ्या श्रेणीत 1000, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. मी एकदा उन्हात उभी राहून हिशोब केला. 2000 चं महिन्याचं व्याज 20, वर्षाचं 240. वीस बारा दोनशे चाळीस. पैन् पै जुळते! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद, आणि ज्यानं दिला त्याच माणसानं त्याच भिंतीवर ब्राह्मणांना दिलेल्या लाखो गायींचाही अभिमानानं उल्लेख कोरलाय. संघानं लेणं घेतलं. पंथ कोणता, गाव कोणतं, हे न बघता चारी दिशांच्या भिक्खूंसाठी घेतलं. लाल धाग्याची आठवण मला तिथेच झाली होती.

आपल्याकडे तीन हजार कार्षापण नाहीत, दानपेटी आहे. ती दोघांनी मिळून उघडायची, मोजायची, त्याच दिवशी वहीत लिहायची आणि वही खोलीतच ठेवायची, कुणीही उघडून बघावी अशी. नव्या माणसापुढे पेटी सरकवायची नाही. इगतपुरीचा दंडक मला आवडतो: शिबिराची फी नाही, आणि ज्यानं एक तरी शिबिर पूर्ण केलंय त्याचंच दान घेतात. ज्याला काही मिळालं तो देईल. निवडणुका जवळ आल्या की कुणीतरी माईक, मंडप, पंखे द्यायला येईल आणि बदल्यात दारावर फ्लेक्स लावायची इच्छा बोलून दाखवेल. पंखा घ्यायचा असेल तर पंखाच घे. फ्लेक्सला नम्रपणे नाही म्हण आणि ते तू एकट्यानं म्हणू नकोस, चौघांनी मिळून म्हणा.

एका गोष्टीवर मी कडक आहे. आपल्याकडे एक मुलगा येत असे, घरी रोज चार-चार तास बसायला लागला, झोप उडाली, कानात आवाज ऐकू येतात म्हणाला. आमच्यातल्या काहींना वाटलं, साधनेत प्रगती होतेय. मी त्याच्या आईला बोलावलं, त्याचं ध्यान बंद करायला सांगितलं, जेवण नि झोप आधी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत मानसोपचार तज्ज्ञाकडे गेले. तो बरा झाला, आज रिक्षा चालवतो. असं कुणी दिसलं तर धम्माची पुस्तकं उघडत बसू नकोस, डॉक्टरकडे ने. तसंच, कुणीही कितीही आदरणीय असो, नव्या मुलीला "खास मार्गदर्शन" म्हणून एकटीला थांबवून घेत असेल तर तिथल्या तिथे थांबव. किल्ल्या दोघांकडे असाव्यात याचं हेही एक कारण आहे.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल. त्या दिवशी भिक्खू पवारणा करतात, एकेक जण संघापुढे बसून विनंती करतो, की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा नुसती शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. आपण उपासक, आपल्याला तो विधी लागू नाही. पण 2004 पासून आम्ही खीरदानानंतर दार लोटून घेऊन तसं बसायला लागलो. पहिल्या वर्षी कुणी तोंड उघडेना. मग त्या झोपाळू पुतण्यानं सुरुवात केली, माझ्यापासूनच. म्हणाला, "मावशी, तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला श्वास कसा घ्यायचा ते सांगता, पण त्याचं नाव विसरता." मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एक छोटी वही आणली आणि नावं लिहायला लागले. ती वही कपाटात, घंटेमागे आहे. बघितली असशील.

या आश्विन पौर्णिमेला तू तसं बस. काय ऐकू येईल याची तयारी ठेव, आणि ऐकल्यावर खुलासा देऊ नकोस. "बरं" म्हण आणि खीर खा.

महिन्यातून एकदाच ठेवायचं का, हे तू मला विचारलंस. ते त्या पाच जणांना विचार. त्यांनी महिन्यातून एकदा म्हटलं तर तसं कर, मला वाईट वाटणार नाही. फक्त ठरलेला रविवार चुकवू नका. दाराशी येऊन कुलूप बघणाऱ्या माणसाला आपण पुन्हा बोलावू शकत नाही.

आणि तुला माहीत नसेल, एक किल्ली अजून माझ्याकडे आहे. पाठीच्या दुखण्यानं मी वर्षभर आले नाही, तरी ती दिली नव्हती. का, ते तुला आता कळलंच असेल. शनिवारी भाजी आणायला येईन तेव्हा तुझ्या आईकडे देऊन जाते. पण ती तुझ्या खिशात नको. ज्या मुलाला तू घंटा देणार आहेस त्याच्या खिशात जाऊ दे. कडीचा वरचा खिळा ढिला आहे, दार उघडताना थोडं उचलून धरावं लागतं, हे त्याला सांग.

तुझी,
मावशी